डोळ्यांचा वाल

डोंगराआडच्या एका रानात एक सायाळ राहत असे. बिळामागे तिनं परसबाग केली होती, आणि त्या बागेत असा एक वाल होता जो आता साऱ्या रानात दुसरीकडे कुठंच उरला नव्हता. पांढराशुभ्र दाणा आणि त्यावर काळा ठिपका. ओंजळीत घेतले की दाणे आपल्याकडेच टक लावून बघताहेत असं वाटे. सगळे त्याला डोळ्यांचा वाल म्हणत. सायाळीला त्याचा केवढा तोरा! वेलाजवळून कुणी नुसतं गेलं तरी बाई काटे फुलवायच्या.

एका वर्षी शेंगा वाळल्या तेव्हा शेजारचा ससा आला. "मावशी, मूठभर बी द्या की. पुढच्या वर्षी ओंजळभर परत करीन. आपल्या रानाची रीतच आहे तशी."

"रीत गेली खड्ड्यात," सायाळ म्हणाली. "आज तुला दिला की उद्या घरोघरी होईल. मग माझ्या बागेला कोण विचारतंय?"

ससा निघाला, पण दारातून वळून म्हणाला, "बरं, नका देऊ. पण त्याला चार कडक उन्हं तरी दाखवा हो."

मुलांनो, वालाचं बी भरून ठेवण्याआधी त्याला ऊन द्यायचं आणि राख चोळायची, हे त्या रानात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सायाळीलाही होतंच. पण अंगणात बी पसरायचं म्हणजे ते चारचौघांच्या नजरेला पडणार! नकोच ते. तिनं सगळं बी घाईघाईनं वाळक्या भोपळ्यात भरलं, तोंड शेणानं लिंपलं आणि भोपळा बिळाच्या पार आतल्या कोपऱ्यात ठेवला.

महिनाभरानं भोपळ्यातून आवाज येऊ लागला. कुरकुर, कुरकुर. तोही भरदुपारी, सगळं रान चिडीचूप असताना. सायाळीनं कान लावला. आत पुष्कळजण मिळून, फार हळू, काहीतरी बोलत होते. सायाळीच्या अंगावर काटा येण्यात नवल ते काय, पण त्या दिवशी खराच आला. "भ्यायचं कशाला?" तिनं स्वतःला समजावलं. "माझंच बी आहे, माझ्याशीच बोलतंय." मग ती रोज कान लावून बसू लागली. खाणंपिणं सुटलं, बाग वाळली. आवाज वाढतच गेला, आणि एका दुपारी एकदम थांबला.

पेरणीच्या दिवसांत तिनं भोपळा फोडला. दाणे पिसासारखे हलके झाले होते. जिथं डोळा होता तिथं भोक होतं आणि भोकाच्या आत काहीच नव्हतं. तळाशी नुसतं पीठ आणि मेलेले भुंगे.

सायाळ तशीच सशाच्या दारी धावली. "घे बाबा, मूठभर नको, सगळंच घे! तुझ्या मातीत तरी रुजेल."

सशानं ओंजळ पुढे केली. तिनं भोपळ्याची फुटकी खापरी त्यात रिकामी केली. बोटांच्या फटींतून पीठ गळून गेलं. ओंजळीत नुसती पोकळ टरफलं उरली. सशाला फार वाईट वाटलं.

"मावशी," तो म्हणाला, "चव कशी होती हो याची? आम्हाला काही कळलीच नाही."

सायाळीनं सांगायला तोंड उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. बियाण्यासाठी राखता राखता तिनंही तो कधी शिजवला नव्हता.

तात्पर्य : जे टिकवायचं ते वाटावं लागतं, लपवून ठेवलेलं आपल्याही वाट्याला येत नाही.