लाख वाती आणि परसातले टोमॅटो

बायांनो, बाळांनो, ऐका. फार फार वर्षांपूर्वी एका गावात एक सून राहत होती. हात तिचा मोठा गुणी. परसात टोमॅटो लावावेत तर तिनंच. एकेका रोपाला काठीचा आधार देई, मुळाशी तांदळाचं धुवण ओती.

तिनं लाख वातींचं व्रत धरलं होतं. चातुर्मासात वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे लावायच्या. चार महिने आवडीची वस्तू सोडायची, म्हणून ती वांगं आणि टोमॅटो सोडी. कार्तिकी द्वादशीला सोडलेली वस्तू आधी दान द्यायची, मग आपण खायची. शेवटच्या हजार वाती त्यानंतरच वळायच्या, असा त्या घरचा नेम होता.

पण दोन वर्षं एकच घडलं. चार महिने बोटं भराभर चालली. द्वादशीला ती भरीत आणि टोमॅटोची कोशिंबीर पोटभर जेवली, आणि दुसऱ्या दिवशी तोंड आलं, बोटं सुजली. हजार वाती राहिल्या. व्रत अपुरं राहिलं.

तिसऱ्या वर्षी द्वादशीला ती ताटावर बसून रडू लागली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, देवाला माझ्या हातच्या वाती नकोच आहेत. यंदा राहिल्या तर मी व्रतच टाकते."

सासू म्हणाली, "अगं, देव कशाला रुसेल? चार महिने तुझी बोटं कुरकुरत नाहीत, ताट बदललं की कुरकुरतात. वांगं काय, टोमॅटो काय, एकाच कुळीतले. यंदा दान दे, पण घास घेऊ नकोस."

"मग व्रत सुटायचं कसं?"

"आमसुलाचं सार पी. देवाला वाती हव्यात, तुझी कोशिंबीर नको."

सून तडक परसात गेली. टोमॅटोचं झाड मुळाशी धरून म्हणाली, "याच्यापायी माझी दोन वर्षं गेली!"

सासूनं तिचा हात धरला. "त्याचा काय दोष? तू पाणी घातलंस, ते फळलं. तुला मानवत नाही, शेजारी मानवतं."

मग दोघी टोपली भरून शेजारणीकडे गेल्या आणि सुनेला टोमॅटो मानवत नाहीत, म्हणून दान आणलेत, असं सांगितलं. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "स्वतः खात नाहीस नि आम्हाला देतेस होय गं? काय घातलंयस यात?"

सुनेचे डोळे भरून आले. सासूनं एक टोमॅटो उचलला, पदराला पुसला आणि कचकन चावला. रस हनुवटीवर ओघळला. "हे बघ. मेले, तर तेराव्याला याचीच कोशिंबीर करा!"

शेजारणीला हसू फुटलं. तिनं टोपली ठेवून घेतली.

सून आमसुलाचं सार प्यायली आणि वाती वळायला बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला. बोटं सुजली नाहीत. पौर्णिमेच्या सकाळी हजारावी वात वळून झाली.

संध्याकाळी देवळात लाख वाती उजळल्या. इतक्यात शेजारीण पदराखाली वाटी झाकून आली. म्हणाली, "आमटी आणलीय हो तुझ्यासाठी. चिंच आणि मिरी घातलीय. टोमॅटोचा थेंब नाही!"

पुढे दर वर्षी सुनेच्या परसात टोमॅटो लागले. पहिली टोपली शेजारी जाई, आणि तीच वाटी भरून परत येई.

म्हणून बायांनो, जे आपल्या देहाला मानवत नाही ते सोडावं, पण त्याचा राग धरू नये. ज्याला मानवतं त्याच्या ताटात ते आनंदानं वाढावं.