भुजंगाचा पेडल आणि मिस्त्रीची शिकवण

एका गावात एक भोळा गिटारवाला होता. होता म्हणजे अजून आहे, पण ही गोष्ट तेव्हाची. नाव भुजंगा. नाभिराज अण्णांच्या बेंजो पार्टीत तो गिटार वाजवायचा. गिटारवर त्याचा जीव, आणि हातही खरंच चांगला. खोट एकच. कुणी काही शिकवलं की ते त्याच्या डोक्यात पक्कं बसायचं, आणि पुढचं जे काम समोर येईल त्याला तो ते लावून मोकळा व्हायचा.

यात्रेत पार्ट्यांची स्पर्धा ठरली. गावातल्या पोरांना यंदा हेवी मेटल हवं होतं, आणि भुजंगाची गिटार तर नव्या सुनेसारखी हळू बोलायची. मग पेडल करायचं ठरलं. पेडल म्हणजे पायाने दाबायची लहानशी पेटी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की फाटतो, गुरगुरतो, अंगावर येतो. अण्णांनी भुजंगाला स्पष्टच सांगितलं, पेडल वेळेत झाला तर तू, नाहीतर नेसरीचा गिटारवाला आणतो.

पेडल बनवणार होते रेडिओ दुरुस्त करणारे हुसेन मिस्त्री. ते म्हणाले, आधी कोल्हापूरला जा, दुकानात चार-पाच पेडल ऐक आणि कसला आवाज पाहिजे ते येऊन सांग. भुजंगा गेला, दिवसभर ऐकून आला आणि म्हणाला, “एक लई आवडला मिस्त्री. दाबला तरी काय फरकच पडत न्हाई. आवाज गोडच्या गोड.”

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मग समजावलं, गोड नको रे बाबा, फाटलेला पाहिजे. ज्याने शेजारीपाजारी भांडायला येतील, तो आवाज चांगला.

“बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो,” भुजंगा म्हणाला. आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला एक स्पीकर आणायला धाडलं. तालुक्याच्या दुकानात चांगले डझनभर स्पीकर होते. भुजंगाने सगळे नाकारले आणि कोपऱ्यातला भंगारात काढलेला मागितला. त्याचा कागदी पडदा फाटून लोंबत होता आणि लावला की तो खरवडल्यासारखा ओरडायचा. शेजारचा शिंपी भांडायला आला, तेव्हा भुजंगाची खात्रीच पटली. दुकानदाराने तो दोन्ही हातांनी दिला, वर चहा पाजला.

मिस्त्री म्हणाले, “अरे, फाडायचं ते पेडलच्या आत. बाकी माल धड लागतो. वस्तू हातात आली की उलटी करायची, हलवायची. आत खुळखुळ वाजलं तर समज बिघाड हाय.”

“बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो.” आणि ठेवलं.

मिस्त्रींच्या घरी सुट्या भागांची पेटी होती. चाळीस कप्पे, प्रत्येकात बोटाच्या पेरापेक्षा बारीक वस्तू, तीस वर्षं निवडून ठेवलेल्या. आवाजाची टोकं कापून तो फाडणारे दोन डायोड त्यातच होते. ती दुकानात आणायला भुजंगाला धाडलं. त्याने पेटी घेतली, वाटेत उलटी केली, हलवली. आत खुळखुळ. बिघडलेली पेटी मिस्त्रींना कशी द्यायची? त्याने रस्त्याकडेला बसून बिघाड दूर केला आणि रिकामी पेटी दुकानात आणून हलवून दाखवली. आता काहीच वाजत नव्हतं.

उरलेला दिवस दोघं रस्त्यावर ओणवे होते. डायोड एका म्हशीच्या पायाशी सापडले. कंबर धरून उठताना मिस्त्री म्हणाले, यापुढे जी वस्तू जिथं असेल तिथंच राहू दे, तिला बोट लावू नकोस.

“बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो.” आणि ठेवलं.

मग मिस्त्री सोल्डरचे डाग देऊन भाग जोडायला बसले. दोन डायोड तोंडं उलटसुलट करून जोडले, पुढे खटका, त्यापुढे आवाजाचं बटण. काम छान रंगलं होतं. तेवढ्यात तापलेली सोल्डरगन घरंगळून त्यांच्या लुंगीवर पडली. भुजंगा समोरच होता. त्याने बघितलं, हात मागे बांधले आणि ती जिथं होती तिथंच राहू दिली. लुंगीतून धूर निघाला, पण मिस्त्रींना कळलं ते मांडीला चटका बसल्यावर.

“धूर दिसला की आधी प्लग ओढायचा,” मिस्त्री लुंगी झटकत म्हणाले. “कुणाला इचारायचं न्हाई, काय न्हाई.”

“बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो.” आणि ठेवलं.

पेडल झाला. देवळासमोर तालीम ठरली. भुजंगाने पायाने पेडल दाबला आणि पहिली डरकाळी अशी निघाली की पारावरची मंडळी उठून उभी राहिली. अण्णांना भरून आलं. त्यांनी पेडलला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. धूर निघाला. भुजंगाने धावत जाऊन मुख्य प्लग ओढला. देवळाचे दिवे गेले, भोंगा बंद पडला, पुजाऱ्याचा पंखा थांबला.

सगळं परत जोडलं तर पेडलमधून घुंऽऽ अशी घरघर येऊ लागली. मिस्त्रींनी जमिनीत लोखंडी पहार ठोकली, पेडलच्या पेटीला तांब्याची तार बांधली, दुसरं टोक पहारीला. घरघर गेली.

“बघून ठेव,” ते म्हणाले. “घरघर आली तर प्लगला हात लावायचा न्हाई. ज्याच्यातनं येती त्याला तार बांधायची, दुसरं टोक जमिनीतल्या लोखंडाला. आणि गाठ घट्ट मार.”

“बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो.” आणि ठेवलं.

यात्रेच्या दुपारी भुजंगाने जे वाजवलं त्याला तोड नव्हती. पोरं नाचून दमली. पंचांनी एकमताने पहिला नंबर दिला. अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की नेसरीवाल्याला निरोप पाठवत नाही, ही जागा तुझीच. भुजंगाचे डोळे पाण्याने भरले.

आता फक्त बक्षीस घ्यायचं राहिलं होतं. ते देणार होते दूधसंस्थेचे चेअरमन आबासाहेब, चांगला क्विंटलभराचा माणूस. मटणाचं जेवण अंगावर आलेलं, समोर टेबलावर माइक. त्यांना खुर्चीतच झोप लागली, आणि माइकमधून साऱ्या यात्रेला घुंऽऽर्र ऐकू येऊ लागलं. मोठ्या माणसाला उठवायचं कोणी, म्हणून सगळे गप्प.

भुजंगाने पेडल बघितला. बंद होता. कान लावत लावत तो घरघरीपर्यंत पोचला, पेडलची तांब्याची तार काढली आणि टेबलाखाली शिरला. पाया पडायला गेला असेल, असं अण्णांना वाटलं आणि कौतुकही वाटलं. भुजंगाने तार आबासाहेबांच्या घोट्याला बांधली. जमिनीतलं लोखंड म्हणून मांडवाची मेख जवळच होती.

नाव पुकारलं. आबासाहेब दचकून जागे झाले, बक्षिसाची ढाल उचलून रुबाबात दोन पावलं चालले, आणि तिसऱ्याला तार ताणली. आबासाहेब गेले, त्यांच्याबरोबर टेबल गेलं, ढाल गेली, मेख उपटली आणि सगळा मांडव पंचांसकट खाली बसला.

अण्णा कापडाखालून बाहेर आले ते खिशातला फोन शोधतच. नेसरीचा नंबर त्यांना पाठ होता.

तेवढ्यात कापडाच्या दुसऱ्या टोकातून भुजंगाचं डोकं वर आलं. त्याने कान देऊन ऐकलं आणि समाधानाने हाक मारली.

“घरघर गेली बघा, मिस्त्री. आणि गाठ अजून सुटल्याली न्हाई.”