सुसाटची मोटर

सायकली आपापसांत बोलायच्या, त्या काळची गोष्ट. कारखान्याच्या स्टँडवर सावलीची जागा एकच होती, कडुनिंबाखालची. जी आधी पोचेल तिची ती जागा, आणि ती रोज सुसाट नावाच्या सडसडीत सायकलीला मिळे. ताशी तीस किलोमीटरच्या खाली ती कधी उतरतच नसे. तरी तिला वाटलं, आणखी जोर आला तर काय बहार येईल! तिने मागच्या चाकाला मोटर बसवून घेतली.

"पंचविसापर्यंत मी ढकलीन," मोटर म्हणाली. "त्यापुढे माझी सुट्टी."

सुट्टीचं सुसाटने कानावरच घेतलं नाही. निघताना मोटरने दोन धक्के दिले, सुसाट तिसावर गेली आणि मोटर गाढ झोपली. तिचं सहा किलोंचं धूड ओढत सुसाट धापा टाकत पोचली, तीही रोजच्यापेक्षा उशिराच. आठवडाभर हेच चाललं.

"अगं, ढकल ना!"

"बाई, तुम्ही जरा हळू चला, मग ढकलते."

बसवलीच आहे तर वसूल तरी करावी, म्हणून एके दिवशी सुसाट बाविसानेच निघाली. मोटरने इमानाने ढकललं. स्टँडवर येऊन पाहते तर कडुनिंबाखाली भागामावशी! कँटीनचं दूध वाहणारी ही अवजड म्हातारी एरवी चढावरच अर्धा तास घालवायची. आज तिच्याही चाकाला तसलीच मोटर होती.

"चढ कधी संपला कळलंच नाही गं," मावशी म्हणाली. "तुझी मोटर काय म्हणते?"

उन्हात उभ्या सुसाटला स्वतःचंच हसू आलं.

"मजेत आहे, मावशी. रोज सकाळी तिला फिरवून आणते."