पर्सवरचं नाव

एका गावात एक शिंपी राहायचा. नाव केरबा. माणूस भोळा. म्हणजे गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याची बायको मालन जे म्हणायची, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

हातात कला होती हो. डोक्याचं तेवढं विचारू नका. सांगाल तेच करायचा आणि सांगाल तेवढंच करायचा. सगळं नीट ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "आलं ध्यानात." हे दोन शब्द ऐकले की मालन देवाला हात जोडायची.

तर झालं काय, केरबाच्या भाचीचं लग्न ठरलं. मालनला आनंद झाला आणि पाठोपाठ धसका बसला. धसका थोरल्या जावेचा. केरबाचा मोठा भाऊ शहरात राहायचा. त्याची बायको नलिनीवहिनी दर लग्नात खांद्याला नवी परदेशी पर्स अडकवून यायच्या. आणि मालनच्या हातात काय? साडीच्या दुकानात फुकट मिळालेली पिशवी. मागच्या लग्नात त्या पिशवीनंच घात केला. मालनला कामाची बाई समजून एका शहाण्यानं तिच्या हातात वरणाची बादली दिली. बिचारीनं जरीची साडी खोचून अख्खी पंगत वाढली. नलिनीवहिनी ताटावरून म्हणाल्या, "मालन, तूप नाही का गं?"

तो घास अजून मालनच्या घशात अडकला होता. खाल्ला नव्हता तरी.

"ते काही नाही," ती केरबाला म्हणाली. "या लग्नात मला पर्स पाहिजे. वहिनींसारखी. तुम्हीच शिवा. ऐसपैस शिवा, सगळं मावलं पाहिजे."

"सगळं?"

"सगळं!"

"आलं ध्यानात."

मालन नदीवरून धुणं घेऊन आली तर स्वयंपाकघर मोकळं. परात नाही, कळशी नाही, गादीसुद्धा नाही. ओसरीवर गोधडीएवढी एक पर्स, आणि केरबा तिच्यात पाटा कोंबतोय.

"वरवंट्याला जागा आहे अजून," तो म्हणाला. "फक्त पर्स दारातून निघत नाही. चौकट काढू का?"

मालननं कपाळ बडवलं. "अहो, फॅशनची वस्तू इवलीशी असते! वहिनींच्या पर्समध्ये फोनसुद्धा तिरका घालावा लागतो. फॅशनमध्ये जेवढं तोकडं तेवढं महाग!"

"आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी सरपंच सदरा शिवायला टाकून गेले. जाताना सहज म्हणाले, "केरबा, जरा फॅशनचा होऊ दे." झालं! सदरा आला तो बेंबीच्या वर वीतभर. सरपंचांच्या पोटाची आणि सदऱ्याची गाठभेटच होईना.

"अरे गाढवा," सरपंच ओरडले, "काही शिवायचं म्हटलं की आधी माप घ्यावं! ज्याच्यासाठी शिवायचं, त्याचं माप!"

"आलं ध्यानात."

घरी येऊन केरबानं मालनला उभं केलं. गळा मापला, खांदा मापला, दंड मापला. मालनला वाटलं, पर्सबरोबर ब्लाउजही शिवतायत. ती लाजली. पर्स तयार झाली. तिला गोल गळा होता, दोन बाह्या होत्या आणि पुढून हुक होते.

"यात सामान कुठे ठेवायचं?" मालननं विचारलं.

केरबानं विचार केला. "माप तुझं घेतलं. सामानाचं कुठे घेतलं?"

"पर्सला बाह्या नसतात हो!" मालन रडकुंडीला आली. "दोन पट्टे आणि एक चेन. संपलं! बाह्या नको, गळा नको, काही काही नको!"

"आलं ध्यानात."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या सुनेचा ब्लाउज शिवायला आला. सासूनं बजावून सांगितलं होतं, बाह्या कोपरापर्यंत हव्यात. केरबानं शिवला. दोन पट्टे आणि एक चेन. सासूनं तो बघितला आणि मटकन खाली बसली. सुनेनं बघितला, आरशापुढे गिरकी घेतली आणि म्हणाली, "अगं बाई! शहरात यासाठी नंबर लावावा लागतो. भावजी, असेच आणखी शिवा." केरबाच्या जन्मात त्याच्या चुकीला लोकांनी फॅशन म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. सरपंचांनी मात्र त्या दिवसापासून दुकानावरून जाणं सोडलं.

शेवटी देवाला दया आली. तिसरी पर्स साधली. डाळिंबी खणाची, जरीचा काठ, दोन पट्टे, एक चेन, आणि सामानाचंसुद्धा माप घेतलेली. मालननं ती खांद्याला लावली आणि तिचे डोळे भरून आले.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "नाव. वहिनींच्या पर्सवर मोठ्ठ्या सोनेरी अक्षरांत नाव असतं. नावालाच तर किंमत."

"कुणाचं नाव? वहिनींचं?"

"नाही हो. परदेशातल्या कुणा बाप्याचं. ज्यानं शिवली, त्याचं."

केरबा चपापला. "परक्या पुरुषाचं नाव खांद्यावर घेऊन वहिनी लग्नात फिरते? आणि दादाला चालतं?"

"चालतं काय! दादांनीच हौसेनं घेऊन दिलीय."

"असं. शिवणाऱ्याचं नाव. आलं ध्यानात."

केरबा विचारात पडला. पर्स शिवली आपण, तेव्हा नाव आपलं. पण पर्स बायकोची. आणि आपल्यात बाई नवऱ्याचं नाव नुसतं घेत नाही, उखाण्यात घेते. मग काय! त्यानं जरीचा दोरा ओवला आणि पर्सवर ठसठशीत टाक्यांत उखाणा भरला:

"सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ,
केरबारावांचं नाव घेते, उखाणा माझा पाठ."

मालननं तो वाचला तेव्हा लग्नाला जायची गाडी दारात उभी होती. उसवायला वेळ कुठला? ती पदराखाली पर्स झाकून मांडवात शिरली. पण हळद लावताना पदर सरकला आणि बायकांनी गलका केला.

"अय्या, पर्सवर उखाणा!"

"कुठल्या कंपनीची गं?"

"मला पण हवी!"

मालन खुर्चीवर बसली होती आणि बायका तिच्याभोवती उभ्या होत्या. जन्मात असं कधी झालं नव्हतं. नलिनीवहिनींच्या परदेशी पर्सकडे कुणी ढुंकून बघेना.

बायका बांगड्या भरायला गेल्या तशा वहिनी हळूच केरबाकडे आल्या. "भावजी, माझ्या पर्सवरचं हे मेलं परदेशी नाव काढा आणि मालनसारखं करून द्या. अगदी तस्संच हं. तुमचं डोकं चालवू नका!"

"डोकं नाही चालवत, वहिनी. आलं ध्यानात."

आणि खरंच, त्यानं डोकं अजिबात चालवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. केरबानं पर्स रुमालात गुंडाळून आणून दिली. वहिनींनी ती नुसती चाचपली. चष्म्यानं वय दिसतं, म्हणून चष्मा पर्सच्या तळाशी. पंगत बसली आणि बायकांनी हट्ट धरला, "नलिनीताई, नाव घ्या! नाव घ्या!"

वहिनी तोऱ्यात उठल्या. "मी कशाला घेऊ? माझी पर्सच घेते!" आणि त्यांनी पर्स डोक्यावर उंच धरली.

बायकांनी एका सुरात वाचलं, "सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ, केरबारावांचं नाव घेते…"

पुढचं कुणाच्या तोंडून फुटेना. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. दादा हातातली जिलबी टाकून ताटावरून उठले आणि केरबासमोर येऊन उभे राहिले.

"केरबा! माझ्या बायकोच्या पर्सवर तुझं नाव?"

"मग कुणाचं असणार?" केरबा म्हणाला. "शिवणाऱ्याचंच असतं. आणि दादा, आधीसुद्धा परक्या पुरुषाचंच होतं की. तेव्हा तुम्ही पैसे मोजलेत. मी तर घरचा माणूस आहे, फुकट घातलं."

मालननं आपली पर्स चटईखाली सारली, पदर खोचला आणि वाढप्याच्या हातातली वरणाची बादली आपणहून ओढून घेतली. कुणी विचारलं असतं, तर ती केरबाची कुणीच लागत नव्हती.