सगळ्यात चांगली टिप

"फसवणूक आहे ही, सरळसरळ फसवणूक! एका डबीतल्या टिपा, त्यातली एक दगडासारखी टणक, दुसरी चार फटक्यांत फुगून पसरणारी. विकणाऱ्याला लाज नाही, घेणाऱ्याला तक्रार नाही!"

"कुणावर तापलीयस एवढी?" इलाही वस्तादांनी विचारलं.

"नाव कुणाकुणाचं घेऊ? सगळेच तसले."

वस्ताद आपल्या क्यूवरून, पूल खेळायच्या लांब काठीवरून, फडकं फिरवत राहिले. कोल्हापुरात तालमीतल्या गुरूला वस्ताद म्हणतात. पूलच्या टेबलाशी तो मान फक्त त्यांचा. आणि शलाका पोळ ही त्यांची सर्वांत तापट शिष्या. घरात कातडी कमावण्याचा पिढीजात धंदा, हातात रसायनशास्त्राची पदवी आणि डोक्यात एकच खूळ. क्यूच्या टोकाला बसते ती चामड्याची एवढीशी टिप आपण इथंच बनवायची, आणि अशी बनवायची की लोकांनी परदेशी डब्या विसरून जाव्यात.

तिनं एक डबी टेबलाच्या कडेवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"या माझ्या. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं. पातळ थर, एकावर एक चिकटवून दाबलेले. सगळ्या अगदी सारख्या! यंदाची फायनल तुम्ही यातल्या टिपेवर खेळायची. तुम्ही खेळलात की अख्खा जिल्हा मागेल."

"आणि नाही खेळलो तर?"

"तर मला कोण विचारतंय..."

वस्तादांनी डबी तिच्याकडं सरकवली.

"यातली सगळ्यात चांगली दे."

शलाकानं एकेक टिप नखानं दाबून पाहिली. काचेवर टाकून आवाज ऐकला. शेवटी एक निवडून त्यांच्या तळहातावर ठेवली.

वस्तादांनी ती पुन्हा डबीत टाकली. झाकण लावलं. डबी खळखळून हलवली.

"आता शोध."

शलाका हसली. हा तर तिच्या हातचा मळ! दाब, टकटक, दाब... बघता बघता तीच टिप तिच्या चिमटीत होती.

"सापडली!"

"सापडली ना? म्हणूनच नको."

ती तणतणत घरी आली. जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. सकाळी मात्र ती टिप हातात घेऊन अंगणातल्या कातड्यासमोर उकिडवी बसली. कातड्याचा प्रत्येक भाग दाबून, ताणून पाहिला. मान वेगळी, पोट वेगळं, कणा वेगळा. तिची ती लाडकी टिप कण्याजवळची निघाली. आणि वाया जाऊ नये म्हणून शलाकानं तर कडेपर्यंत सगळं कातडं कापलं होतं.

"आई, पोटाकडचं बाजूला काढ. मानेचंही."

"अगं, निम्मं चामडं जाईल की!"

"जाऊ दे. चपलांना घे."

फायनलच्या आठवड्यात ती पुन्हा वस्तादांसमोर उभी राहिली. नवी डबी या वेळी तिनं हळूच ठेवली.

"सगळ्यात चांगली दे."

तिनं दाबल्या, वाजवल्या, पुन्हा दाबल्या. बराच वेळ गेला...

"नाही सापडत, वस्ताद."

"बरं. सगळ्यात वाईट दे."

तिनं पुन्हा एकेक दाबून पाहिली.

"काय झालं?"

"तीही नाही."

वस्तादांनी दुसरीकडं बघतच डबीत बोटं घातली आणि हाताला लागली ती टिप उचलली.

फायनलला हॉल गच्च भरला होता. समोर पुण्याचा कौस्तुभ लिमये, वस्तादांच्या निम्म्या वयाचा. सामना बरोबरीत आला. एकच गेम उरला आणि चहाची सुट्टी झाली. कौस्तुभ बाहेर गेला.

वस्तादांनी क्यू शलाकापुढं धरला.

"टिप काढ. दुसरी लाव."

"का? बिघडली?"

"झकास आहे."

नव्या टिपेची सवय व्हायला खेळाडूला दिवसच्या दिवस लागतात. निकालाच्या गेमआधी चांगली चालणारी टिप कुणी उपटतं?

"वस्ताद, नको! हराल!"

"सारख्या आहेत म्हणालीस ना?"

"म्हणाले, पण..."

"पण?"

तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा डबीकडं.

"पण नाही," ती म्हणाली.

तिनं ब्लेडनं जुनी टिप उडवली. गोंदाचा थेंब टाकून नवी बसवली, कडा तासल्या, कानशीनं गोल केली. कानस जिथं चालायची तिथंच चालली.

गेम सुरू झाला. वस्तादांचे बॉल एकामागून एक पॉकेटमध्ये गेले. काळा बॉल घातला की जिंकलं; त्याआधीचा शेवटचा उरला, टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला. तो घालायचा, आणि क्यूनं मारलेला पांढरा बॉल तिथून काळ्यापर्यंत परत आणायचा. टिप जरा घसरली की संपलं.

वस्ताद वाकले. शलाकानं डोळे मिटले नाहीत.

टक्!

बॉल पॉकेटमध्ये पडला. पांढरा क्षणभर जागीच गरगरला... आणि कुणी दोरीनं ओढावा तसा अख्खं टेबल पार करून मागं आला. काळ्याच्या शेजारी येऊन थांबला. पुढचा फटका तर लहान पोरानंही मारला असता.

हॉल उठून उभा राहिला. शलाका खुर्चीवर चढून घसा फुटेस्तोवर ओरडली, शिट्टीसुद्धा मारली. वस्तादांनी तिच्याकडं बघून नुसती मान हलवली.

गर्दीतून वाट काढत कौस्तुभ आला. वस्तादांच्या पाया पडला. मग त्यांचा क्यू हातात घेऊन, चॉकनं निळ्या झालेल्या टिपेवरून त्यानं अंगठा फिरवला.

"हरल्याचं वाईट नाही वाटत, वस्ताद. पण काय मुरलीय हो ही टिप! माझं ऐका, इतक्यात बदलू नका हं."