कोरी भिंत

खूप जुनी गोष्ट, रंग बाजारात मिळत नसत, घरीच वाटावे लागत तेव्हाची. एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या दोन शिष्या होत्या. राणीने निरोप धाडला, "माझ्या माहेरची धर्मशाळा जलरंगांत काढा. जिचं चित्र पाहून माहेरी गेल्यासारखं वाटेल, ती राजचित्रकार."

थोरलीने एकेक कौल रेखले. चिंचेचे पान न् पान काढले. मग ती सहज धाकटीच्या चित्राकडे वळली आणि बघतच राहिली. झाडांची सावली कागदावर गार पडली होती. मधली भिंत अशी झळकत होती, की डोळे बारीक करावे लागत. आणि त्या भिंतीवर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता, नुसता कोरा कागद होता!

"अगं, भिंत विसरलीस की काय?"

"नाही ताई. तिथं ऊन आहे."

"ऊन म्हणे! आळशीपणाला नाव तरी छान शोधलंस."

धाकटी हसली आणि कुंचले धुवायला विहिरीवर गेली.

थोरलीला ते हसणे झोंबले. दहा वर्षे रंग घोटले मी, आणि ही कालची पोर! तिने शंख उगाळून केलेला पांढरा रंग उचलला. 'अपुरं आहे, पुरं करते,' असे मनाला सांगत तिने भिंत रंगवून टाकली.

भिंत पांढरी झाली, पण ऊन गेले. घाबरून तिने ओले फडके फिरवले. झाडांचा हिरवा रंग ओघळून भिंतीवर उतरला.

तेवढ्यात राणीची पालखी आली. थोरलीचे चित्र पाहून राणी म्हणाली, "कौलं अगदी मोजून घ्यावीत." दुसऱ्या चित्रापाशी मात्र ती थबकली. "या सावलीत मी खेळलेय. पण भिंतीला शेवाळ कुणी आणलं?"

गुरुजींनी थोरलीचा हात हाती घेतला. नखांत शंखाची पूड होती.

"पूस तो रंग," ते म्हणाले.

"निघत नाही, गुरुजी."

"कोरा कागद आता कुठून आणशील?"

थोरलीची मान खाली गेली. विहिरीवरून परतलेल्या धाकटीने डोळे पुसले, नवा कागद ताणला आणि राणीसमोरच पुन्हा झाडे काढली. भिंतीपाशी तिने हात आवरला. मग राणीने आपल्या हाताने धाकटीला पालखीत बसवले.

थोरली अंगणात उभी राहिली, नखे कोरत.

तात्पर्य: दुसऱ्याचा उजेड झाकला, म्हणून आपल्या दारात ऊन येत नाही.