बारावी टीप

“आकृतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नाही तुला?” देवस्थळी साहेबांनी शलाकाला विचारलं.

सांगितलं होतं. ‘का’ म्हणून विचारायचं नाही, हेही सांगितलं होतं.

बॉयलरच्या त्या कारखान्यात माहितीपुस्तिकांच्या आकृत्या एकाच जुन्या संगणकावर उघडायच्या. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडायचा. आकृतीत चूक निघाली, की आकृती तशीच ठेवून खाली टीप टाकायची: ‘झडप ४ ही झडप ६ समजावी.’ अशा अकरा टिपा झाल्या होत्या. गेल्या आठवड्यात एका फिटरने टीप न वाचताच झडप उघडली. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

शलाकाने चार दिवसांत तीन सॉफ्टवेअरं पालथी घातली, तीनदा आकृती नव्याने काढली. आता लॅपटॉप घेऊन ती गोगटे मास्तरांसमोर उभी होती. भिंतीवर लावलेली मूळ आकृती मास्तरांचीच. निवृत्त झाले होते, तरी विभागात शब्द त्यांचाच चालायचा.

“यातलं चांगलं कोणतं, तेवढं सांगा मास्तर. हे रंग बघा. या सावल्या बघा.”

मास्तर बघत राहिले…

“चौथी झडप पूस.”

तिने हात पुढे केला.

“तू नाही. कदम मिस्त्री, तुम्ही या.”

चाचणी विभागाचे कदम बिचकत पुढे आले. एकदा क्लिक केलं. नळ्या विस्कटल्या, झडपा भलतीकडेच गेल्या.

“आयला! समदंच गेलं की, ताई!”

“त्यांना शिकवावं लागेल,” शलाका फणकारली.

“मग यालाही हार मागवू?” मास्तर म्हणाले.

ती खुर्ची ओढून बसली. दिसायला साधं म्हणून सोडून दिलेलं एक चौथं सॉफ्टवेअर तिने उघडलं. त्यात रेघा ओढायच्याच नव्हत्या, नुसत्या ओळी लिहायच्या. ‘बॉयलर ते झडप ४. झडप ४ ते वाफेची नळी.’ पडद्यावर चौकोन उमटले, बाण जुळले. ना रंग, ना सावली.

कदमांनी एका बोटाने दोन्ही ओळींतले ४ खोडून ६ लिहिले. आकृती आपली आपण बदलली.

“हे जमतंय की!”

“ही आकृती?” देवस्थळी हसले. “पोरखेळ आहे नुसता. पुस्तिकेत मास्तरांचीच आकृती जाईल. खाली बारावी टीप टाक आणि सही कर.”

“नाही करणार.”

“शलाका…”

“फिटर एका हाताने शिडी धरून आकृती बघतो, साहेब. टीप वाचत नाही. माझी सही मिळणार नाही.”

देवस्थळींनी मास्तरांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मास्तरांनी भिंतीवरची आपली आकृती उतरवली. बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवलं…

“फार सुबक काढली होती मी. म्हणून तर कुणी पुसली नाही.”